वीस दिव्यांची माळ आणि आत्याबाईंचं तेरावं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला शाळेतही उमगलं नव्हतं, आणि शाळा चौथीत सुटली. अक्षर तर असं, की किराण्याची यादी दुकानदाराला मलाच वाचून दाखवावी लागते. तेव्हा ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधी माफी मागून ठेवते. लागू नये म्हणून पिठाच्या डब्यामागे ठेवली आहे.

लिहायचं कारण एवढंच, की परवा नातीच्या शाळेच्या पुस्तकात विजेच्या वाटांची चित्रं पाहिली. खाली दोन नियम दिले होते. कुठल्याशा परदेशी साहेबाच्या नावावर होते. एक असा, की जिथे वाटा फुटतात तिथे जेवढी वीज येते तेवढीच पुढे जाते. दुसरा असा, की पूर्ण फेरी मारली की जेवढा दाब चढला तेवढा उतरलाच पाहिजे. मी म्हटलं, "हे येतं मला." नात म्हणाली, "तुला? आजी, तुला तर मिक्सर चालू करायची भीती वाटते." ते खरं आहे. मी पुढे काही बोलले नाही. बोलण्याची मला सवय कमी. म्हणून लिहिते.

जर्मन-जपानची लढाई संपून वर्ष झालं होतं. नगरला पेठेत दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही तिघं राहत होतो. हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या, बोलणं तिकडचंच, आणि आवाज शेतातून शेतात जाईल असा. हे छावणीत एका म्हाताऱ्या मुसलमान वायरमनच्या हाताखाली काम करत होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. लढाई संपली, गोरे शिपाई गेले, बराकी रिकाम्या झाल्या. रिकाम्या बराकीत दिवा कोण लावणार? यांना घरी बसवलं. उस्तादांनाही बसवलं, पण त्यांचं वय तरी झालं होतं.

त्याच सुमाराला छावणीतल्या जुन्या सामानाचे लिलाव सुरू झाले. लोकांनी ताडपत्र्या घेतल्या, टायर घेतले, कुणी बूट घेतले. हे गेले आणि एक लाकडी खोकं ठरवून आले. त्यात मोटारगाड्यांचे चारशे छोटे दिवे होते. किंमत साठ रुपये.

साठ रुपये आमच्याकडे नव्हते. आत्याबाईंकडे होते. त्यांनी ते स्वतःच्या तेराव्यासाठी साठवले होते. चिंधीत बांधून पत्र्याच्या डब्यात, डबा उशाशी. तेराव्याला बुंदीचे लाडू करायचे, कुणाला बोलवायचं, कुणाला मुद्दाम बोलवायचं नाही, सगळं त्यांनी ठरवलं होतं. आमच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "तुमी पिठलं करून गप बसाल," असं म्हणायच्या.

यांनी दोन दिवस अजिजी केली. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी चिंधी सोडली आणि अट घातली. "मी मरायच्या आत समदे परत पायजेत. मेल्यावर दिलेले मला काय करायचे?"

त्या दिवसापासून घरात कुणी शिंकलं तरी आम्ही आधी आत्याबाईंकडे बघायचो.

खोकं घरी आलं. आमच्या खोलीत घरमालकाच्या जोडणीवरचा एक दिवा होता. यांनी आईला माल दाखवायचा म्हणून तो दिवा काढला, दोन तारा ओढल्या आणि खोक्यातला एक दिवा सरळ त्यांना लावला. पांढरा लख्ख उजेड झाला, फट् असा आवाज झाला, आणि काचेचा चुरा आत्याबाईंच्या मांडीवर पडला.

"खराब निघाला असेल," हे म्हणाले आणि दुसरा लावला. तोही गेला. मग तिसरा. तिसऱ्याबरोबर सगळ्या इमारतीचा फ्यूज गेला आणि वरून घरमालकाच्या शिव्या आल्या.

आत्याबाई मांडीवरची काच झटकत म्हणाल्या, "तीन लाडू गेले रं माझे."

चारशे दिव्यांना साठ रुपये, म्हणजे एका दिव्याला अडीच आण्यांना थोडं कमी. आत्याबाईंनी एक दिवा म्हणजे एक लाडू असं धरलं होतं, आणि शेवटपर्यंत त्या दिव्यांना लाडूच म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उस्ताद आले. ओट्यावर बसले, दिवा हातात घेऊन डोळ्याजवळ धरला आणि म्हणाले, "अरे शहाण्या, हा बारा व्होल्टचा दिवा आहे. गाडीच्या बॅटरीचा. आपल्या लाइनीत दोनशे तीस आहेत. चिमणीच्या गळ्यात मोट बांधलीस तू."

"मग हे चारशे दिवे काय करायचे, उस्ताद?"

"एकामागे एक लाव. एका तारेत, माळेसारखे. वीज या टोकाने शिरेल, सगळ्यांतून जाईल, त्या टोकाने निघेल. दोनशे तीसचा दाब सगळ्यांत वाटला जाईल. जेवढा चढला तेवढा उतरला पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. आता सांग, किती दिवे लागतील?"

यांचा हात चांगला होता, पण हिशेब म्हटला की जीभ टाळ्याला चिकटायची. हे बोटं मोजायला लागले.

मी आत दारामागे उभी होते. मला उत्तर आलं होतं. माझं माहेर खर्ड्याजवळचं. लहानपणी आम्ही किल्ल्याच्या तटावर चढायचो, आणि मी पायऱ्या मोजायचे. वर जाताना जेवढ्या, खाली येताना तेवढ्याच. कधी पायऱ्या सोडून पडक्या बाजूने घसरत उतरलो, तरी उंची तेवढीच उतरलेली असायची. गुडघे जास्त फुटायचे एवढंच. उस्तादांचं बोलणं ऐकलं आणि मला तो तट दिसला. दोनशे तीस पायऱ्या चढायच्या आणि प्रत्येक दिव्यापाशी बारा उतरायच्या. एकोणीस दिव्यांनी दोन पायऱ्या उरतात, म्हणजे वीस घ्यावेत. मग प्रत्येकाला साडेअकरा. कुणाचाच जीव जात नाही.

पण सांगणार कशी? परक्या पुरुषासमोर सुनेने बोलायचं नाही अशी आमच्याकडची रीत, आणि रीत नसती तरी मी बोलले नसते. काही सांगायचं झालं की आतून दाराची कडी वाजवायची, म्हणजे नवरा उठून आत येतो. मी कडी धरली आणि एकेक करून वीस वेळा वाजवली.

आत्याबाई चुलीपासून ओरडल्या, "अगं किती वाजवतीस? दार तर उघडं हाय!"

बाहेर उस्ताद हसायला लागले. "बेटीचा हिशेब बरोबर आहे. वीस."

तेव्हापासून उस्ताद दर दोन दिवसांनी यायचे, ओट्यावर बसायचे, प्रश्न यांना विचारायचे आणि कान कडीकडे लावायचे. शेजारणींना वाटलं, सुनेला काहीतरी झालं आहे. एकीने लिंबू आणून दिलं, उतरून टाकायला. आम्ही त्याचं सरबत केलं.

वीस दिव्यांची पहिली माळ यांनी जोडली. खटका दाबला. काही दिवे डोळ्यांत जातील असे पांढरे पेटले, काही विडीच्या टोकासारखे लाल, आणि लगेच एक पांढरा फुटला. एक फुटला की वाट तुटली, सगळी माळ विझली. यांनी फुटलेल्याच्या जागी नवा घातला. दुसरा फुटला. तो बदलला, तिसरा फुटला. हे असे सतरा वेळा बदलत बसले. आत्याबाई भिंतीला टेकून मोजत होत्या. सतराव्याला म्हणाल्या, "पैले तीन धरून ईस लाडू झाले. म्हंजी पंगतीतली एक रांग उपाशी उठली."

आणि अंथरुणावर जाऊन पडल्या. मला आज बरं वाटत न्हाई म्हणाल्या. हे रडकुंडीला आले.

मी फुटलेल्या दिव्यांची पितळी बुडं गोळा केली आणि उजेडात धरून पाहिली. त्यांवर बारीक आकडे कोरलेले होते. फुटलेल्या प्रत्येकावर सहा. न फुटलेले लाल दिवे पाहिले, त्यांवर चोवीस. दिसायला सगळे सारखे. मला काही केल्या उमजेना. चोवीसचा दिवा मोठा, त्याने जास्त पेटायला हवं. तो लाल होऊन बसतो, आणि सहाचा बिचारा पेटून पेटून मरतो.

उस्तादांनी एका कागदावर रीत लिहून दिली. दाबाला दाबाने गुणायचं आणि दिव्यावरच्या आकड्याने भागायचं, म्हणजे त्या दिव्याचा अडथळा निघतो. बारा बारे एकशे चव्वेचाळीस. सहाच्या दिव्याचा अडथळा चोवीस आला. चोवीसच्या दिव्याचा सहा आला. मी तीनदा भागाकार केला, मला वाटलं मीच उलटं लिहिते आहे. पण आकडेच तसे होते.

मग मी जमिनीवर खडूने मांडलं. माळेत दहा दिवे सहाचे, दहा चोवीसचे. अडथळ्यांची बेरीज दोनशे चाळीस आणि साठ, तीनशे. दोनशे तीस भागिले तीनशे, म्हणजे तेवीस तिसांश. एवढीच धार, म्हणजे वाहती वीज, सगळ्यांतून जाणार, कारण मध्ये कुठे दुसरी वाट नाही, शिरली तेवढीच पुढे. तिला चोवीसने गुणलं, अठरा पूर्णांक दोन पंचमांश आले. बाराच्या दिव्यावर अठरा, मग तो फुटणारच. सहाने गुणलं, चार पूर्णांक तीन पंचमांश. म्हणून लाल. मग पडताळा केला. दहा दिव्यांवर अठरा-दोन-पंचमांश म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी. दहांवर चार-तीन-पंचमांश म्हणजे सेहेचाळीस. बेरीज दोनशे तीस. बरोब्बर दोनशे तीस, एक पै इकडे नाही, एक पै तिकडे नाही. मला एकदम हसू आलं. घरात आजारी माणूस, वीस दिवे फुटलेले, आणि मी एकटी जमिनीवर बसून हसते आहे. लिंबू देणारी शेजारीण तेवढ्यात दारातून डोकावून गेली.

उस्ताद आले तेव्हा एक अडचण झाली. पूर्णांक कडीवर वाजवता येतो, अपूर्णांक वाजवता येत नाही. मी अठरा वाजवले आणि अडले. पुढे दोन हळू आणि पाच जोरात वाजवून पाहिले. उस्ताद म्हणाले, "पंचवीस?" शेवटी मी आत्याबाईंच्या कानात सांगितलं. त्या अंथरुणातून ओरडल्या, "ती म्हनती अठरा, आनि वर दोन पंचमांश. म्हंजी काय ते तुमचं तुमी बगा."

"म्हणजे असं आई," उस्तादांनी ओट्यावरून समजावलं, "ज्याचा अडथळा जास्त, त्याच्यावर दाब जास्त. मोठा दिवा वीज सहज सोडून देतो, म्हणून तो आरामात. छोटा अडवत बसतो, म्हणून त्याच्यावरच सगळं येतं."

"मोठ्याला आराम आनि ल्हानग्याच्या डोक्यावर समदं," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यात नवं काय हाय?"

पण त्या उठून बसल्या. सगळे दिवे निवडायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. वाचता येत नव्हतं, पण एक आकडा आणि दोन आकडे एवढं कळत होतं. सुपात घेऊन गहू निवडावे तसे त्यांनी दिवे निवडले, सहाचे एका बाजूला, चोवीसचे एका बाजूला. एक चुकला नाही. मग यांनी एका माळेत एकाच आकड्याचे वीस दिवे जोडले.

पहिला नियम तर त्यांना फारच आवडला. आत जाईल तेवढं बाहेर आलं पाहिजे. यांना आठ आणे देऊन बाजारात पाठवायच्या आणि आल्यावर भाजी आणि सुटे पैसे शेजारी शेजारी मांडून मोजायच्या. "आठ गेलं, आठ आलं पायजे." एकदा त्यांनी उस्तादांना गाठलं. "आमच्या माळ्यावर मांजर एक गेलं आनि पाच खाली आली. हे तुमच्या नेमात कसं बसवायचं?"

उस्तादांनी दाढी खाजवली. "तिच्यात बॅटरी असणार, आई."

पहिलं काम मिळालं ते एका लग्नाचं. मुलीचा चुलता धान्याचा व्यापारी होता. दुसऱ्या पेठेत घर, घरात वीज, दारात मांडव. वीस दिव्यांच्या पाच माळा, भाडं वीस रुपये. हे काम नीट झालं तर पुढची मिळणार होती. बिघडलं तर उरलेले दिवे काचेच्या भावाने विकायचे आणि आत्याबाईंच्या तेराव्याला पिठलं. त्यातून त्या आठवड्यात त्यांना ताप होता. तरी त्या लग्नाला आल्या. "माझं तेरावं मांडवाला टांगलंय, ते बघू तर द्या," म्हणाल्या.

मला बायकांत, स्वयंपाकघराच्या दारापाशी बसवलं. आमचं आधीच ठरलं होतं, की हिशेबात कुठे अडलं तर यांनी मोठ्याने स्वतःशी बोलल्यासारखं विचारायचं आणि मी आतून वाजवून उत्तर द्यायचं.

गोरज मुहूर्त होता. दिवस मावळायला आला आणि यांनी खटका दाबला. शंभर दिवे पेटले. बायका "अगं बाई" म्हणाल्या. आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले. मंगलाष्टकं सुरू झाली. मधे अंतरपाट, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी. तांदूळ रेशनवर, म्हणून सगळ्यांच्या मुठीत ज्वारीच्या अक्षता.

आणि चुलता मीटर बघून आला. मीटरमधलं चाक गरगर फिरत होतं. तो तडक यांच्याकडे गेला. हे शिडीवर होते.

"ए, काढ ते निम्मे दिवे! प्रत्येक माळेत दहा ठेव, दहा काढ, तार जोडून टाक. वीज काय माझ्या बापाची आहे?"

"शेठ, दहा ठेवले तर फुटतील."

"कमी दिव्यांना कमी वीज. मला शिकवतो? भाडं पाहिजे ना?"

यांचा चेहरा उतरला. भाड्याचं नाव काढलं की आपलंच ज्ञान आपल्याला खोटं वाटायला लागतं. यांनी खटका बंद केला नाही, पण हात माळेकडे नेला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "दहा चालतील का? नाहीतर किती पाहिजेत?"

त्या दाराला कडी नव्हती. मी शेजारी पाहिलं, पितळेचं ताट होतं. पळी होती. मी ताट उचललं आणि वाजवायला लागले.

आता, त्या घरात काय ठरलं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घटका भरली की आतून ताट वाजवायचं, आणि ताटाच्या आवाजावर वाजंत्र्यांनी सुरू करायचं, असं ठरलं होतं. तेच ताट. तीच पळी.

माझा चौथा ठोका पडला आणि सनई, चौघडा, ताशा सगळं एकदम सुटलं. मांडवातल्या माणसांनी मुठी उघडल्या. ज्वारीचा पाऊस पडला. अंतरपाट धरणाऱ्यांनी दचकून अंतरपाट सोडला. नवरा-नवरी एकमेकांकडे बघत राहिले आणि मागच्या कुणीतरी ढकलल्यावर त्यांनी माळा घातल्या. भटजींचं तोंड तिसऱ्या मंगलाष्टकात उघडं राहिलं.

मी वाजवतच होते. मला कळत होतं की काहीतरी भयंकर झालं आहे, पण थांबता येईना. अकरावर थांबले तर हे अकरा दिवे ठेवतील. एका बाईने माझा हात धरला, तो सोडवून मी तेरा, चौदा, पंधरा केले. आणि वीस झाल्यावर लक्षात आलं, की या गदारोळात यांना एकही ठोका ऐकू गेला नसणार. हे शिडीवर कानाला हात लावून "किती? किती?" करत होते, आणि चुलता खालून माळ ओढत होता.

मी कशी उठले हे मला आजही सांगता येणार नाही. डोक्यावर पदर, हातात ताट, केसांत ज्वारी, अशी मी पुरुषांच्या मांडवात गेले आणि ओरडले, "वीस! वीसच पाहिजेत! दहा ठेवले तर एकेकाला तेवीस बसतील!"

तेवढ्यात वाजंत्री थांबली होती. त्यामुळे ते सगळ्या मांडवाने ऐकलं.

मागून कुणीतरी विचारलं, "कुणाला तेवीस बसणार?"

भटजी ओरडले, "पाच मंगलाष्टकं राहिली आहेत! ताट कुणी वाजवलं?" सगळ्यांनी माझ्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. तिथंच जमीन फाटावी असं मला वाटलं. पण जमीन फाटली नाही आणि चुलता समोर उभा होता.

"कोण ही बाई? काय तेवीस?"

आत्याबाई बायकांतून ओरडल्या, "माझी सून हाय ती! चौथी शिकलीया! ऐकून घ्या!"

मग मी खाली बघत सांगितलं. किल्ल्याच्या पायऱ्या सांगून त्याला कळलं नसतं, म्हणून त्याच्या धंद्यातलं सांगितलं. "दोनशे तीस शेर माल आहे. वीस हमालांनी उचलला तर एकेकाला साडेअकरा. तुम्ही दहा हमाल घरी पाठवले तर माल कमी होत नाही. उरलेल्यांना तेवीस बसतात. त्यांची पाठ मोडते."

चुलता थांबला. हमालांचं त्याला लगेच कळलं. "पण वीज तर कमी लागेल ना?"

"दुप्पट लागेल. दिवे निम्मे म्हणजे अडथळा निम्मा. धार दुप्पट."

तो मीटरच्या दिशेने पाहत राहिला. मग त्याने अचानक विचारलं, "ती वीज या तारेने आत येते. मग जाते कुठे?"

"दुसऱ्या तारेने बाहेर. जेवढी आली तेवढीच जाते."

"तेवढीच?" त्याचे डोळे विस्फारले. "सगळी परत जाते? मग वीजवाले पैसे कसले घेतात माझ्याकडून?"

मांडवात कुजबुज झाली. प्रश्न सगळ्यांनाच पटला होता. हे शिडीवरून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "तुमच्या गोदामात हमाल जेवढे शिरतात तेवढेच बाहेर येतात. तुम्ही मजुरी देता ना? माणसं ठेवून घेतल्याची नाही, पोती उतरवल्याची."

चुलत्याने पटल्यासारखी मान डोलावली. मला वाटलं, संपलं. पण व्यापाऱ्याचं डोकं पुढे धावतं. "निम्म्या दिव्यांना दुप्पट," तो बोटं मोजत म्हणाला, "म्हणजे दुप्पट दिव्यांना निम्मी! मग एका माळेत चाळीस लावा! शंभर लावा!"

"शंभर लावले तर दिसणार नाहीत," हे म्हणाले.

"पन्नास!"

मी मनात भागलं. दोनशे तीस भागिले पन्नास, चार पूर्णांक तीन पंचमांश. तोच जुना आकडा. लाल होतील, पण कधी फुटणार नाहीत. मी यांच्याकडे पाहून होकाराची मान हलवली.

हे माळा सोडून जोडत होते तोवर गॅसबत्तीत भटजींनी राहिलेली पाच मंगलाष्टकं लग्न झालेल्या नवरा-नवरीवर म्हटली. गोरज आहे, थोडं इकडेतिकडे चालतं, असा त्यांनी निकाल दिला. दुसऱ्यांदा टाकायला अक्षता उरल्या नव्हत्या. लोक खालची ज्वारी वेचून टाकत होते.

पन्नासाच्या दोन माळा पेटल्या. सगळा मांडव चुलीतल्या विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला. ताटातलं वरण कुठलं आणि गुळवणी कुठली हे कळत नव्हतं. एका पाहुण्याने दुसऱ्याच्या पानातली पुरी खाल्ली. पण चुलता मीटरसमोर खुर्ची टाकून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून चाक दाखवत होता. "बघा, कसं हळू फिरतंय. शंभर दिवे आहेत, शंभर!"

त्याने अठरा रुपये दिले. दोन कापले, वाजंत्र्यांनी दोनदा वाजवल्याचे.

आम्हाला वाटलं, आता कुणी बोलावणार नाही. झालं उलटंच. कमी विजेत शंभर दिवे, ही बातमी बाजारात चुलत्यानेच पसरवली. व्यापारी लोक येऊन "ती लाल रोषणाई" मागायला लागले. लाल हा रंग आहे, गरिबी नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. आणि दिव्यांवर ताणच नाही, म्हणून ते जळेनात. त्या खोक्यातला एकही दिवा नंतर फुटला नाही.

पैसे येतील तसे हे आत्याबाईंच्या हातात देत. पावसाळ्यापर्यंत सत्तावन्न झाले. अधूनमधून आत्याबाईंना ताप यायचा, त्या आम्हाला बोलावून म्हणायच्या, "माझं काय खरं न्हाई. किती राहिलं?" हे आकडा सांगायचे. आकडा ऐकून त्यांना घाम फुटायचा आणि ताप उतरायचा.

राहिलेल्या तीन रुपयांवरून मायलेकांची जुंपली. हे म्हणाले, वीस दिवे फुटले त्याचेच हे तीन रुपये, ते धंद्याचं नुकसान. आत्याबाई म्हणाल्या, "मी तुला दिवे दिले न्हवते. रुपये दिले हुते. साठ गेले, साठ आले पायजेत. नेम तुमचाच हाय." आणि त्या आजारी पडल्या, त्या वेळी खरोखरच. दोन दिवस पेज घेतली नाही. हातपाय गार.

हे काम शोधायला बाहेर, आणि कार्तिकापर्यंत लग्न नाही. मी उस्तादांना निरोप पाठवला. त्यांच्याकडे वायरमनच्या परीक्षेला बसणारे लोक शिकायला येत. उस्ताद ओट्यावर आले आणि कडीकडे कान लावून बसले. मी दार उघडून उंबऱ्यात आले, पदर सावरला, आणि म्हटलं, "गणितं असतील तर द्या. सोडवून देते. कागदाला चार आणे."

उस्तादांनी कडीकडचा कान काढून मान वळवली. त्यांनी मला समोरासमोर पाहिलं ते पहिल्यांदाच. मग म्हणाले, "कडीला आता आराम दे, बेटी." आणि दुसऱ्या दिवशी कागद आणले.

बारा कागद होते. काहींत माळा, काहींत फाटे, एकात तर तीन फाटे फुटून पुन्हा एकत्र आलेले. चूल पेटवायच्या आधी आणि भांडी घासल्यावर मी ते सोडवत होते. प्रत्येक फाट्यावर आलं तेवढं गेलं का, प्रत्येक फेरीत चढलं तेवढं उतरलं का. चौथ्या दिवशी बारा कागद झाले. उस्तादांनी तीन रुपये मोजून उंबऱ्यावर ठेवले.

मी ते आत नेले. आत्याबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मी त्यांचा हात उघडला आणि एकेक रुपया ठेवला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण अंगठ्याने प्रत्येक रुपयाची कड चाचपली.

"कुनी दिले?"

"मी. कमावले."

त्या उठून बसल्या. डबा मागितला. चिंधी सोडून सगळे पैसे गोधडीवर ओतले आणि मोजायला लागल्या. एकदा मोजले, पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मला मोजायला लावले. साठ भरले. त्यांनी चिंधीला गाठ मारली, दातांनी घट्ट ओढली, डबा उशाशी ठेवला आणि म्हणाल्या, "फिटलं समदं. आता मरायला मोकळी झाले."

मग चुलीकडे बघत म्हणाल्या, "पेज हाय का गं राहिली?"